नळाच्या पाण्याचा नवरा

लिओनार्ड मिरांडा आठवी-नववीला माझा विद्यार्थी होता. निबंधाच्या वहीत समास आखायला तो दहा मिनिटं घ्यायचा. समास इतका सरळ असायचा, की त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या निबंधाची कीव यावी. आज तो चोपन्न वर्षांचा आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात डिझाइन विभागाचा प्रमुख आहे आणि शर्टाच्या खिशात अजूनही सहा इंची स्टीलची पट्टी ठेवतो. विभागात माणसं दोन. एक तो आणि दुसरी हेमांगी, जी त्याच्या मुलाच्या वयाची आहे आणि त्याला "सर" म्हणून वाटेल ते सुनावते.

हा कारखाना रंगाच्या आणि रसायनांच्या टाक्यांसाठी ढवळण्या बनवतो. घरात ताकाची रवी असते, तिचाच दोन मजली अवतार समजा. लिओनार्डने तीस वर्षांत अशा शेकडो रव्या काढल्या आणि त्यांतल्या फार थोड्या मोडल्या. ज्या मोडल्या त्यांचे तुकडे त्याने टाकले नाहीत. त्याच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ते नीट मांडलेले आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर तारीख, ठिकाण आणि मोडण्याचं कारण. हेमांगी त्याला शवागार म्हणते.

त्या ड्रॉवरमध्ये बिनचिठ्ठीचा एकच तुकडा होता. तो कारखान्याचा नव्हताच. तो त्याच्या लग्नातला होता.

लिओनार्डच्या घराण्यात, म्हणजे ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणात, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून गावच्या विहिरीवर जातात. तिथून उंबराचं पाणी म्हणतात ते आणतात आणि लग्नाच्या सकाळी त्याने नवऱ्या मुलाला आंघोळ घालतात. सत्तावीस वर्षांपूर्वी विहिरीवरचं जुनं लाकूड कुजलेलं होतं. नवरा मुलगा नुकताच डिझाइनला लागलेला. त्याने ठरवलं, आपल्या लग्नाची पुली आपण लावायची. त्याने लोखंडी खांबाला एक आडवा हात जोडला, त्याच्या टोकाला पुली लावली आणि सगळ्या गावाला सांगितलं, "चारपट मजबूत आहे."

पहिली कळशी अर्ध्यावर आली आणि हात खांबापासून तुटला. पुली, दोर आणि तांब्याची कळशी तळाला गेली, खांबाला हाताचा तुटका तुकडा तेवढा राहिला. कुणाला खरचटलंही नाही, पण बँड थांबला. अंधार व्हायला आलेला, दुसरी सोय नव्हती. शेवटी नवऱ्याची आंघोळ नळाच्या पाण्याने झाली.

ही गोष्ट त्याची बायको कार्मेल हिने स्वतः पाहिलेली नाही, कारण ती तेव्हा आपल्या माहेरी हळदीत बसलेली होती. पण सांगते तीच. लिओनार्ड पासपोर्ट विसरला, दूध उतू गेलं, मुलाच्या शाळेची मीटिंग चुकली, की कार्मेल शांतपणे म्हणते, "जाऊ दे. नळाच्या पाण्याचा नवरा आहे." पार्टीत कुणाची प्लास्टिकची खुर्ची मोडली, की सगळे आधी लिओनार्डकडे बघतात. तोही हसतो. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो हसतो तेव्हा पट्टी खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवतो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलाचं, ओवेनचं लग्न ठरलं. पुन्हा पाण्याचा प्रश्न आला. रविवारी चर्चमधून येताना नवराबायको माझ्याकडे चहाला थांबले होते.

"विहिरीची जाळी महापालिकेकडून उघडून घेतो," लिओनार्ड म्हणाला. "पुली मी करतो."

"तू काय करतोस?" कार्मेल म्हणाली.

"पुली."

"बाई, ऐका. हा म्हणतो पुली करतो." तिने बशी खाली ठेवली. "हे बघ लिओनार्ड, बादलीला दोर बांधून हाताने ओढू. नाहीतर कॅन मागवू. माझा मुलगा नळाच्या पाण्याने न्हाऊन निघालेला मला चालणार नाही, घरात एक आहे तेवढा पुरे."

"तेव्हाही हिशोब बरोबरच होता."

"मग तुटलं कसं?"

लिओनार्डने खिशातली पट्टी काढून पुन्हा ठेवली. सत्तावीस वर्षं तो हेच शोधत होता.

"असं कर," कार्मेल म्हणाली. "गेल्या वेळी का तुटलं ते मला दाखव. पटलं तर लाव तुझी पुली. नाही पटलं तर परत नाव काढायचं नाही. बाई साक्षीला आहेत."

याच सुमारास कारखान्यातही एक भानगड उभी राहिली. एका मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, की यापुढे नुसतं ड्रॉइंग चालणार नाही. वस्तूवर कुठे किती ताण येतो त्याचा कॉम्प्युटरचा रिपोर्ट हवा. लिओनार्ड आजवर हाताने गणित करायचा आणि शेवटी "दोन मिलिमीटर जाड ठेव" असं म्हणायचा. त्या दोन मिलिमीटरांचा रिपोर्ट निघत नाही. तेव्हा मालक सलिल प्रधान यांनी त्याला सांगितलं, "लिओनार्ड, सॉफ्टवेअर घ्यायचंय. कुठलं ते तुम्ही ठरवा. महिन्याभरात."

हे सॉफ्टवेअर काय करतं, ते लिओनार्डने मला समजावलंय. वस्तूचं चित्र घेऊन ते तिचे हजारो बारीक तुकडे कल्पतं, प्रत्येक तुकड्यावरच्या ताणाचं गणित करतं आणि सगळं जोडून रंगीत चित्र देतं. निळं म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे तुटण्याची जागा. याला फायनाइट एलिमेंट म्हणतात. अशी सॉफ्टवेअरं बाजारात पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा विक्रेता आपलंच कसं बरं ते सांगतो.

तीन विक्रेत्यांना बोलावणं गेलं. लिओनार्डने ठरवलं, की विक्रेत्यांनी आणलेले नमुने बघायचेच नाहीत. ते पाठ करून आलेल्या मुलासारखे असतात, अडत नाहीत. आपण आपला प्रश्न द्यायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणजे तुटलेली वस्तू द्यायची आणि विचारायचं, सांगा कुठे तुटेल.

कल्पना उत्तम होती. हेमांगीने लगेच ड्रॉवर उघडून एका रवीचा मोडका दांडा काढला. लिओनार्डने तो परत ठेवला आणि बिनचिठ्ठीचा तुकडा काढला.

"हा कुठल्या टाकीचा, सर?"

"विहिरीचा," लिओनार्ड म्हणाला आणि जुन्या मापांचा कागद तिच्यापुढे सरकवला.

पहिला विक्रेता टाय लावून आला. त्याने पडद्यावर विमानाचा पंख वाकवून दाखवला. "सर, हे रॉकेटवाले वापरतात."

"आमच्याकडे रॉकेट नाही. रंग ढवळायचा असतो. हा हात तुटेल का सांगा."

त्याने चित्र भरलं, खाली ओढणारा भार लावला. हात टोकापासून खांबापर्यंत निळा. "चारपट मजबूत, सर." लिओनार्डने ते चित्र छापून मागितलं. त्याला चहा पाजला, वर दोन बिस्किटं जास्त दिली.

दुसरा कल्याणचा, तरुण, घाईतला. "सर, आपलं एका क्लिकवर." आणि खरंच त्याने एकदाच बटण दाबलं. हात खांबाला कसा जोडलाय हे विचारायच्या आधीच निळं चित्र हजर.

"अरे पण हा कशाला जोडलाय ते सांगितलंच नाही अजून," हेमांगी म्हणाली.

"ते आपलं सॉफ्टवेअर समजून घेतं, मॅडम."

"चारपट?" लिओनार्डने विचारलं.

"चार पॉइंट दोन, सर."

"बिस्किट घे."

तिसरी ऐश्वर्या नावाची मुलगी, टिटवाळ्याहून आलेली. तिचं सॉफ्टवेअर अडलं. पडद्यावर लाल पट्टी आली, की ही वस्तू कुणीच धरलेली नाही, गणित होणार नाही. मग ती विचारत बसली. खांब जमिनीत किती खोल? जोड सगळीकडून वेल्ड केलाय की एकाच बाजूने? पुली फिरती होती की गंजलेली? ओढणारा नेमका कुठे उभा होता?

"एवढे प्रश्न माझं लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी विचारले नव्हते," लिओनार्ड म्हणाला.

"सर, ओढणारा कुठे होता ते सांगा ना. दोर कुठल्या बाजूला जात होता?"

"खाली. पाणी खाली असतं. दोर सरळ खाली."

तिने तसं भरलं. निळं. चारपट.

त्या संध्याकाळी लिओनार्ड अर्धा किलो पेढे घेऊन माझ्या दारात उभा राहिला. बरोबर कार्मेलही होती, तिला त्याने कारण न सांगता आणलेलं. त्याने तीन रंगीत कागद माझ्या टेबलावर ओळीने मांडले. समास अगदी सरळ.

"बाई, तीन कंपन्या. एकमेकींशी बोलत नाहीत. तिघीही म्हणतात, हिशोब बरोबर होता."

मी पेढा घेतला. मनापासून आनंद झाला मला. कार्मेलने चष्मा लावून तिन्ही कागद पाहिले, मग चष्मा काढला.

"हे तिघं सांगतात, हा हात तुटणार नाही."

"बरोबर."

"आणि तुटलेला हात तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

लिओनार्ड तिन्ही कागद पुन्हा ओळीत लावायला लागला.

"मग हे तिघंही खोटारडे ना? यांतलं तू कुठलं घेणार?" तिने पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकला. "पेढे बरे आहेत."

दुसऱ्या दिवशी हेमांगीने हेच आणखी स्पष्ट करून सांगितलं. "सर, आपण तुटलेला पार्ट दिलेला. जो तुटेल म्हणेल तो पास, असं ठरलेलं. तिघं तुटणार नाही म्हणाले आणि आपण बिस्किटं वाटली."

माणसाला निर्दोष सुटायची फार घाई असली, की असं होतं. परीक्षा घेणाराच आपल्या मार्कांकडे बघत बसतो. पस्तीस वर्षं शिकवलं मी, मला हे माहीत असायला हवं होतं. पण मीही पेढा खाल्लाच होता.

दोन दिवस लिओनार्ड जुन्या मापांचा कागद पुन्हा पुन्हा तपासत होता. सलिलसाहेबांनी विचारलं, "काय ठरलं?" तर म्हणाला, "तिन्ही नापास. किंवा मी."

उत्तर सापडलं ते भलतीकडेच. ओवेनने लग्नात दाखवायला म्हणून आईबापांच्या लग्नाची जुनी कॅसेट पेन ड्राइव्हवर करून आणली होती. त्या रविवारी मला त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. लिओनार्डची सख्खी आत्या, जोॲन आंटी, तीही आलेली. तिला आता ऐंशी वर्षं झाली आहेत आणि तिचं मत कुणी विचारावं लागत नाही. जेवण झाल्यावर टीव्ही लावला.

पडद्यावर गावठाणची गल्ली, बँड, लुगडी नेसलेल्या बायका, पुढे जोॲन आंटी. विहीर आली. लिओनार्ड, बारीक मिशीचा, खांबापाशी अभिमानाने उभा. कळशी खाली सोडली. बायकांनी दोर धरला. एवढ्यात बँडवाल्यांनी ठेक्याची चाल धरली आणि जोॲन आंटी नाचायला लागली. दोर न सोडता. तिच्यामागे बाकीच्या बायका, त्याही दोर न सोडता, एका रांगेत, नाचत, विहिरीपासून बाजूला, डावीकडे, थेट बँडच्या दिशेने निघाल्या.

"थांबव," लिओनार्ड म्हणाला.

ओवेनने चित्र थांबवलं. दोर पुलीवरून खाली येतच नव्हता. तो आडवा, सरळ डावीकडे ताणलेला होता.

लिओनार्ड उठून टीव्हीजवळ गेला आणि बोटाने मोजायला लागला. "एक, दोन, तीन... सात. सात बायका बाजूने." मग जरा थांबला. "बाई, ही सातवी कोण?"

सातवी मी होते. सुती साडी, खांद्याला पर्स, दोन्ही हातांनी दोर धरलेला, आणि नाचत होते असं म्हणायला हरकत नाही. मला हे अजिबात आठवत नव्हतं. मी गेले होते, एवढंच आठवत होतं.

"बाई," ओवेन म्हणाला, "तुमचा फॉर्म भारी होता."

"मना काय बघता?" जोॲन आंटी म्हणाली. "उंबराचं पानी काय गुपचूप काढतात? कुनी मेलंय का? नाचूनच काढतात. यानी आमाला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

लिओनार्डने खिशातून पट्टी काढली. तो मला दाखवत होता, पण खरं तर कार्मेलला. "ही पट्टी उभी धरली आणि वरून दाबली, तर वाकते? नाही. आता आडवी धरून दाबा." पट्टी सहज वाकली. "माझा हात खालच्या ओढीला उभा होता. बाजूच्या ओढीला असा आडवा. हिशोब बरोबर होता गं. फक्त त्यात बायका नव्हत्याच. मी बादली धरली, पाणी धरलं, दोराचं वजन धरलं. ओढणार कोण आणि कसं ओढणार, ते नाही धरलं."

"म्हणजे चूक कुणाची?" कार्मेलने विचारलं.

"माझी."

कार्मेलने पट्टी घेऊन एकदा उभी, एकदा आडवी दाबून पाहिली. "पटलं," ती म्हणाली. "लाव पुली."

सोमवारी त्याने तिन्ही विक्रेत्यांना भार बाजूने लावायला सांगितला. तिन्ही पडदे लाल झाले, आणि लाल झाले ते बरोबर त्याच कोपऱ्यात, जिथे ड्रॉवरमधला तुकडा तुटला होता. म्हणजे गणित तिघांनाही येत होतं. लिओनार्डने सलिलसाहेबांना चार ओळींचा अहवाल दिला, तो मी वाचलाय. "तिन्ही सॉफ्टवेअरची उत्तरं सारखी आहेत. पहिल्याने आम्ही सांगितलं ते मुकाट्याने भरलं. दुसऱ्याने आम्ही न सांगितलेलंही भरलं. तिसऱ्याने अडून विचारलं. तिसरं घ्यावं."

सलिलसाहेब म्हणाले, "लिओनार्ड, ओढणारा कुठे उभा होता, हे तर त्या मुलीने विचारलं. सॉफ्टवेअरने नाही."

"म्हणून करारात लिहून घ्या, की अडलं की तीच येणार."

"तिने विचारलं तेव्हा तुम्ही तिला उडवून लावलेलंत, असं हेमांगी सांगत होती."

"तेही लिहा," लिओनार्ड म्हणाला.

फेब्रुवारीत ओवेनचं लग्न झालं. नवीन हाताला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू होते. ऐश्वर्या आणि हेमांगी, दोघींनी मिळून तो पडद्यावर चहूबाजूंनी ओढून पाहिला. बारा बायका, बाजूने, झटका देऊन. ऐश्वर्याने झटक्याबद्दल विचारलं तेव्हा लिओनार्डने उडवून लावलं नाही. तो जोॲन आंटीकडे गेला आणि कुठल्या चालीला ती किती जोरात नाचते हे लिहून घेऊन आला.

आदल्या संध्याकाळी आम्ही सगळ्या विहिरीवर गेलो. बँड वाजत होता. घरी लग्नातले फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळायचं सोडून तीन बायका बघायला आलेल्या. खरं म्हणजे सगळं गावठाणच पुली बघायला आलेलं. कळशी खाली गेली. आणि बायकांनी दोर असा धरला, जसा दवाखान्यात पेशंटचा हात धरतात. पाय हलवायला कुणी तयार नाही. गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दोर सरळ खाली, बोटभरही बाजूला नाही.

"ओढा ना," लिओनार्ड म्हणाला.

"ओढतोय की, अंकल. सांभाळून," एक सून म्हणाली.

"सांभाळून नको. बाजूने ओढा. आंटी, तू नाच ना."

"माजं गुडघं गेलं," जोॲन आंटी खुर्चीवरून म्हणाली. "आनि तुजा काय भरवसा?"

लिओनार्डने खांबाला हात लावला. "बारा बायका धरल्यात मी यात. या तर पाचच आहेत, आणि त्याही नाचत नाहीत." त्याचा आवाज आठवीतल्या मुलासारखा झाला होता, पाठांतर येत असून ज्याला विचारलंच नाही अशा मुलासारखा. कळशी हळूहळू, बिनबोभाट वर येत होती. आणखी चार हात दोर ओढला, की झालं होतं. पाणी निघालं असतं, आणि पुलीने काय सोसलं ते कुणालाच कळलं नसतं.

कार्मेल नवऱ्या मुलाची आई म्हणून मानाचं ताट धरून उभी होती, फुलं आणि मेणबत्तीचं. तिने ते हेमांगीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि दोराचं टोक घेतलं.

"बँडवाले, ठेका लावा," ती म्हणाली. "बाई, या."

मी ऐंशीला टेकलेय. तरी गेले. कार्मेल डावीकडे निघाली, तिच्यामागे मी, माझ्यामागे सुना, आणि हातातलं ताट तिथल्याच एकीकडे देऊन हेमांगी. कळशी उसळून वर आली, पाणी हिंदकळलं. सगळे कळशीकडे बघत होते. लिओनार्ड जोडाला कान लावून उभा होता. आम्ही बँडपर्यंत पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तो नुसती मान हलवत होता. जोडातून काही वाजलं नव्हतं.

तीन कळशा निघाल्या. सकाळी दोन ओवेनच्या आंघोळीला लागल्या. लिओनार्ड इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पट्टी ठेवून, अंगणात कुणाला तरी तिरक्या टेकूंचं महत्त्व सांगत होता. कार्मेल तिसरी कळशी घेऊन मागून आली आणि तिने ती त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

"हे काय?" तो चष्मा पुसत म्हणाला. "चर्चला जायचंय."

"सत्तावीस वर्षं राहिलेलं," कार्मेल म्हणाली. "जा, दुसरा शर्ट घाल."

पुढच्या आठवड्यात तो कामावर गेला आणि त्याने त्या बिनचिठ्ठीच्या तुकड्याला चिठ्ठी बांधली. हेमांगीने मला फोटो पाठवलाय. तारीख आहे, ठिकाण आहे. कारणाच्या जागी त्याच्या सरळ अक्षरात लिहिलंय: सात बायका, डावीकडून. त्यांत एक माझ्या मराठीच्या बाई.